गाविलगडच्या पायथ्याशी मंजिष्ठ

काळी भारी माती, साचलेलं पाणी आणि मे महिन्याचं ऊन, या तिन्हींचं मंजिष्ठ या लाल मुळांच्या औषधी वेलीला वावडं आहे. आमच्या अचलपूर तालुक्यात हे तिन्ही भरपूर. तरीही आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आज मंजिष्ठ उभी आहे, तिची मुळं मी काढली आहेत आणि काढून झाल्यावरही वेल जिवंत आहे. ते कसं जमलं ते सविस्तर लिहिते, कारण मी सुरुवात केली तेव्हा विचारावं असं जवळपास कोणी नव्हतं.

मंजिष्ठ आमच्याकडची परकी नाही. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याकडे गेलं की ओढ्याच्या काठी, दुसऱ्या झुडपांच्या आधाराने चढलेली ती दिसते. एकदा ओळखली की पुन्हा चुकत नाही. खोड चौकोनी आणि बारीक, त्यावर मागे वळलेले सूक्ष्म काटे, म्हणून हात फिरवला की खरखरतं आणि कापडाला धरून ठेवतं. प्रत्येक पेरावर चार पानं गोल मांडलेली, लांब देठांची, बुडाशी हृदयाच्या आकाराची. त्या चारांतली खरी पानं दोनच. उरलेली दोन म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी, पानांसारखी वाढलेली उपपर्णं. हिमालयात आणि थंड मुलखात गॅलियम नावाच्या औषधी वनस्पती आहेत, त्यांच्यातही असंच असतं. तिथे एका पेरावर सहा-आठ पानं दिसतात, काही जातींचं खोड असंच चिकटतं आणि काहींच्या मुळांतून असाच लाल रंग निघतो. मंजिष्ठ त्यांची अगदी जवळची नातलग. कुळ कॉफीचं. चिखलदऱ्याला, अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर, झाडांच्या सावलीत कॉफी होते हे इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मला पहिला धागा तिथेच मिळाला. ज्या सावलीत कॉफी जगते, तशी सावली मी खाली तयार करू शकले तर मंजिष्ठही जगेल, असं वाटलं.

बेणं जंगलातून आणायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. मेळघाट 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि तिथून काडीही उचलता येत नाही. पण कायद्याची भीती हे एकच कारण नव्हतं. मंजिष्ठेचं औषध मुळात आहे. मूळ उपटलं की वेल गेली, आणि बाजारात जाणारा बहुतेक माल रानातून उपटलेलाच असतो. मला लागवड करायची होती ती यासाठीच. चिखलदऱ्याजवळ माझ्या नणंदेच्या सासरी घराच्या कुंपणावर ही वेल आपोआप आलेली होती. तिथून फांद्या आणल्या.

जागेवरून घरात बरीच चर्चा झाली. मला संत्र्याची बाग सोयीची वाटत होती. सावली आहे, ठिबक आहे, रोज येणं-जाणं आहे. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ऐकताक्षणी नकार दिला.

"सूनबाई, संत्र्याखाली लावू नोको. ताण कसा देशीन मंग?"

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. संत्र्याला बहार आणायचा तर पाणी तोडावं लागतं. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृगासाठी एप्रिल-मेमध्ये. झाड ताणावर असताना त्याच्या बुडाशी मंजिष्ठेला पाणी दिलं तर ताण मोडतो आणि बहार विस्कटतो. आणि मृगाचा ताण चालतो त्याच दिवसांत मंजिष्ठेला ओलाव्याची सगळ्यात जास्त गरज असते. शिवाय खोडाजवळ सतत ओल राहिली की डिंक्या रोगाला निमंत्रण. वेल फांद्यांवर चढली तर तोडणीला त्रास, ते वेगळंच. ज्यांची फळबाग आहे त्यांनी हा विचार आधी करावा. सावली म्हणून सावली चालत नाही, त्या सावलीतल्या झाडाचं पाण्याचं वेळापत्रकही पाहावं लागतं.

शेवटी विहिरीजवळचा पूर्वेकडचा धुरा निवडला. तिथे जुने आंबे आहेत. सकाळचं ऊन तिरपं येतं, दुपारी बाराच्या पुढे पूर्ण सावली. आंब्याला उन्हाळ्यात थोडं पाणी लागलं तर बिघडत नाही.

संत्रातोडीला डोंगरातून कोरकू आदिवासी बाया येतात. त्यांच्यातल्या एक मावशी दरवर्षी येऊन येऊन वऱ्हाडी छान बोलायला लागल्या आहेत. त्यांनी फांदी हातात घेतली, पानं मोजल्यासारखी केली आणि म्हणाल्या, "याले सावली पाह्यजे माय, ओल बी पाह्यजे, पण पाय पाण्यात नोको." पुढे जे काही वाचलं-ऐकलं त्याचं सार या वाक्यात आलं होतं.

पाय पाण्यात नकोत म्हणून जमिनीवर गादीवाफे केले, गुडघ्यापेक्षा थोडे कमी उंच. मूळची काळी माती त्यात थोडीच ठेवली. बाकी नाल्याची जाड वाळू, बारीक मुरूम, आंब्याखालचा कुजलेला पालापाचोळा आणि वर्षभर मुरलेलं शेणखत. काळी माती पावसात फुगते, चिकटते, मुळांना हवा मिळू देत नाही, आणि उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा बारीक मुळं तुटतात. पावसाळ्यात नुसत्या काळ्या जमिनीत मंजिष्ठ लावली तर आधी पानं पिवळी पडतात आणि मग मुळं सडतात. उंच वाफ्याचा दुसरा फायदा काढणीच्या वेळी कळतो. भुसभुशीत मातीतून मूळ अख्खं निघतं. कठीण काळ्या मातीतून खणताना निम्मं आतच तुटून राहतं.

छाटकलमं जूनच्या शेवटी, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावली. फार कोवळी फांदी कुजते आणि अगदी जून झालेली फुटत नाही. मधला भाग घ्यावा, दोन-तीन पेरांचा. खालच्या पेराची पानं काढून ते पेर मातीत गाडायचं, कारण मुळं पेरातूनच सुटतात. पिशव्यांत वाळू आणि शेणखत भरून त्या आंब्याखाली ठेवल्या, वरून ओलं गोणपाट धरलं. नवी पालवी आली की मुळं धरली असं समजू नका. कांडीत साठलेल्या रसावरही पालवी फुटते आणि पुढे कलम वाळतं. पिशवीच्या भोकातून तांबूस पांढरं मूळ डोकावलं की मगच हलवावं. बियांपासूनही रोपं होतात. हिवाळ्यात जांभळट काळी, मिरीएवढी फळं पिकतात. गर धुऊन बी ताजं असतानाच पेरलं तर उगवतं, पण मागेपुढे आणि विरळ. मला कलमंच भरवशाची वाटली.

पहिल्या पावसाळ्यात वेल आधार शोधत सरपटते. जमिनीवर पडू दिली तर पेरापेराला मुळं फुटतात आणि सगळी बारीकच राहतात. जाड मूळ हवं असेल तर तिला वर चढवावं लागतं. तुराट्या रोवल्या तर त्या पुढच्या पावसापर्यंत कुजतात, म्हणून बांबू रोवून आडवी सुतळी बांधली. खोडाचे काटे सुतळीला धरतात, वेगळं बांधावं लागत नाही. तणाची निंदणी मात्र हातानेच. विळा चालवला की वेलीचं बारीक खोड गवताबरोबर कापलं जातं.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपायला लागल्या, मेमध्ये पारा पंचेचाळिसाकडे गेला तेव्हा वरचा पसारा जवळजवळ पूर्ण वाळला. घरातल्या सगळ्यांना वेल मेली असं वाटलं. डोंगरात तिला ही झळ एवढी कधी लागतच नाही. मी वाफ्यावर संत्र्याचा आणि आंब्याचा वाळलेला पाला जाड पसरला, पश्चिमेच्या बाजूने पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांची ताटी उभी केली आणि सूर्य बुडाल्यावर थोडं-थोडं पाणी दिलं. दिवसा पाणी दिलं तर तापलेल्या मातीत मुळं उकडतात. जास्त दिलं तर झोपलेली मुळं कुजतात, कारण वर पानं नसल्याने ते पाणी ओढून घेणारं कोणी नसतं. वाळलेल्या पाल्याखाली उधई (वाळवी) लागते, त्यासाठी निंबोळी ढेप मातीत मिसळावी. बोटाने दोन पेरं माती उकरून पाहिली आणि आत नुसता गारवा लागला तरी पुरे. मृगाच्या सरी आल्या आणि बुडातून लालसर कोंब निघाले. त्या दिवशी मी मामाजींना हाताला धरून धुऱ्यावर नेलं. त्यांनी वाकून कोंब बघितले आणि ताटीची एक सुटलेली काडी नीट खोचून ठेवली.

मुळं तिसऱ्या हिवाळ्यात काढली. आधी काढली तर ती दोऱ्यासारखी असतात, रंगही फिका. फळं झडून पानं उतरायला लागली की वेळ झाली. ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला ती इथे येते. मी पूर्ण वेल उपटत नाही. वाफ्याच्या एकाच बाजूने माती मोकळी करायची, त्या बाजूची जाड मुळं बुडापासून चार बोटं सोडून कापायची, दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. मग शेणखत मिसळलेली माती परत भरायची आणि आठवडाभर पाणी टाळायचं, म्हणजे कापलेल्या जागा सुकतात. पुढच्या पावसात त्याच बुडातून वेल पुन्हा फुटली. आता उरलेली बाजू आणखी दोन वर्षांनी.

ताजं मूळ मोडलं की आत लाल. धुऊन, बोटभर तुकडे करून सावलीतच वाळवावं. वाळल्यावर वजन फारच उतरतं, त्यामुळे हिशोब ओल्या मालावर करू नये. औषध म्हणून तिचं नाव जुनं आहे. चरकसंहितेतल्या वर्ण्य (त्वचेचा वर्ण सुधारणारी) आणि विषघ्न (विष उतरवणारी) या दोन्ही गणांत मंजिष्ठा आहे, आणि महामंजिष्ठादि काढा आजही त्वचेच्या तक्रारींसाठी वैद्य देतात. तरी घरी पिकली म्हणून घरच्या घरी काढा उकळून पिऊ नये. तिने लघवीला लालसर रंग येतो आणि माणूस घाबरतो. गरोदर बाईने तर ती घेऊच नये. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकीला मी हे आधी सांगते, मुळं नंतर दाखवते.

रंग मात्र घरी बिनधास्त करावा. मोहेंजोदडोला सापडलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावरचा लाल रंग याच जातीचा होता असं मानतात. आपल्या वावरातली बारतोंडीही याच कुळातली, तिच्या मुळांपासून आल नावाचा लाल रंग निघायचा आणि मध्य भारतात त्याची शेती होती. 1868-69 च्या सुमारास जर्मनीत अलिझारिन हा मुळांतला लाल रंग कृत्रिमरीत्या तयार झाला आणि या सगळ्या मुळांचा रंग म्हणून असलेला भाव गेला. मी आत्याबाईंचं जुनं सुती लुगडं घेतलं. आधी सोड्यात उकळून खळ काढली, हिरड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवलं, वाळवून तुरटीच्या पाण्यात बुडवलं. मंजिष्ठेची पूड आदल्या रात्री भिजत घातली होती. त्यात कापड टाकून मंद आचेवर तापवायचं, उकळी येऊ द्यायची नाही. उकळलं की लाल विटून तपकिरीकडे झुकतो. भांडं स्टीलचं हवं, लोखंडाच्या कढईत रंग काळवंडतो. लुगडं पिकल्या विटेच्या रंगाचं झालं. आत्याबाईंनी ते वाळल्या वाळल्या दोरीवरून ओढून घेतलं. "हे मी लग्नात नेसीन," म्हणाल्या, आणि नातीच्या लग्नात खरंच नेसल्या.

विक्रीचं सरळ सांगते. आतापर्यंत निघालेला माल थोडा आहे. तालुक्यातल्या एका वैद्यांनी काही घेतला, बाकी घरी आहे. मोठा व्यापारी क्विंटलात बोलतो आणि माल रानातला नाही याचा पुरावा मागतो, तो मागायलाच हवा. म्हणून लागवड करताच सातबाऱ्यावर नोंद करून घ्या, बेणं कुठून आणलं ते लिहून ठेवा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, लावण्याआधी तिथे एक फेरी मारावी. औषधी झाडं जमिनीत उभी असताना पाहिली की बाजारातल्या वाळक्या काड्यांवरून होणारा घोळ टळतो. पूर्ण एकरभर लावण्याचा सल्ला मी आज कोणालाही देणार नाही. धुरा, विहिरीचा काठ, आंब्याची सावली, एवढीच जागा तिला द्यावी आणि तीन वर्षं तिच्याकडून पैशाची अपेक्षा ठेवू नये.

या जूनमध्ये जास्तीची कलमं भरणार आहे. पहिल्या पिशव्या तोडीला येणाऱ्या मावशींच्या. त्यांच्या घरामागे ओढा आहे, आणि तिथली मंजिष्ठ त्यांच्या लहानपणीच लोकांनी खणून नेली होती.