तक्रार दुकानाची, अडचण गॅरेजची

तक्रार अर्ज एका पानाचा होता. निवासी गल्लीत राजरोस दुकान चालतं, दिवसभर गिऱ्हाइकांच्या गाड्या येतात, शेजाऱ्यांना गाडी लावायला जागा उरत नाही. खाली सात सह्या. घरमालकीण सुगंधी मेणबत्त्या विकते, एवढाच धंद्याचा तपशील. नियोजन विभागात अशी प्रकरणं माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेक टाळं न लावता मिटतात. हे लक्षात राहिलं, कारण अर्जातलं दुकान सापडलं नाही, गिऱ्हाईकही सापडलं नाही, आणि तरी नियम मोडलेला निघाला.

जागेवर जाण्याआधी दोन कागद काढायचे असतात: घराचा मंजूर नकाशा आणि त्या झोनमध्ये, म्हणजे नियोजनात ठरवून दिलेल्या वापराच्या पट्ट्यात, चालणाऱ्या वापरांची यादी. यादीत 'दुकान' शोधत बसू नये, कडक निवासी झोनमध्ये ते सहसा नसतंच. शोधायचं ते गृहव्यवसायाचं कलम. घराचा मुख्य वापर राहण्याचाच असेल आणि धंदा त्याच्या जोडीला, दुय्यम म्हणून चालत असेल, तर परवानगी मिळू शकते. दुय्यम म्हणजे किती, ते प्रत्येक नियमावली आपापल्या परीनं ठरवते. आमच्याकडे चटईक्षेत्राचा, म्हणजे घराच्या भिंतींच्या आतल्या जागेचा, जास्तीत जास्त पाव हिस्सा, काम घरात राहणाऱ्यांनीच करायचं, बाहेर पाटी किंवा माल दिसता कामा नये, नकाशात दाखवलेलं पार्किंग घटवायचं नाही आणि गाड्यांची ये-जा घराला शोभेल इतकीच.

बाईंनी फाइल तयार ठेवली होती. सगळ्यात वर न्यूयॉर्कच्या नियमाची छापील प्रत: 49 टक्के जागा आणि 3 कर्मचारी चालतात, त्याखाली लाल रेघ. नियम खरा आहे. 2024 मध्ये तिथे तशी सुधारणा झाली, त्याआधी मर्यादा 25 टक्के होती. जपानमध्ये तर सर्वांत कडक निवासी झोनमध्येही राहत्या घराला जोडून छोटं दुकान चालतं, फक्त दुकानाचा भाग 50 चौरस मीटरच्या आत आणि इमारतीच्या निम्म्याहून कमी हवा. इंग्लंडमध्ये असा ठरावीक आकडा नाही. घर अजून मुख्यतः घरच आहे का, रहदारी लक्षात येण्याइतकी वाढली का, शेजाऱ्यांना त्रास होतो का, हे पाहतात. पण यातलं काहीही दुसऱ्या गावी लागू होत नाही. शेजारच्या नगरपालिकेचा नियम आपल्याला चालत नाही, तिथे समुद्रापलीकडचा कुठला चालणार! फाइलीत कर नोंदणीचं प्रमाणपत्रही होतं. ते धंद्याचं असतं, जागेच्या वापराचं नव्हे, आणि हा घोळ शिकलेली माणसंही करतात.

मग मोजमाप. धंद्याची खोली 3.4 बाय 3.9 मीटर, म्हणजे 13.26 चौरस मीटर. भिंतीच्या आतल्या बाजूनं मोजायचं, आणि खोलीत दुसरा कसलाच वापर नसेल तर ती अख्खी धरायची, नुसत्या रॅकखालची जमीन नव्हे. (एक पलंग टाकून 'ही झोपायची खोली' म्हणणारे भेटतात. पलंगावर खोके रचलेले असले की तो मुद्दा तिथेच संपतो.) घराचं चटईक्षेत्र 92 चौरस मीटर, त्याचा पाव हिस्सा 23. म्हणजे खोली आरामात बसत होती. पाटी नाही, बाहेरचा कामगार नाही, काउंटर नाही. विक्री जवळजवळ सगळी ऑनलाइन. इथवर तक्रार निकालात निघाल्यासारखीच होती.

गॅरेजचं शटर वर केलं तेव्हा आत गाडी नव्हती. डाव्या भिंतीला मेणाच्या लाद्यांची पोती, मागे काचेच्या बरण्यांचे खोके छातीपर्यंत, उजवीकडे पॅकिंगचा पुठ्ठा आणि बबल रॅप. मधल्या चिंचोळ्या जागेत एक स्कूटर.

"मॅडम, विक्री खोलीतच होते. इथे नुसता माल आहे," बाई म्हणाल्या.

माल साठवणं हासुद्धा वापरच. गॅरेज 2.9 बाय 5.4, म्हणजे 15.66 चौरस मीटर. खोलीसह बेरीज 28.92, मर्यादा 23. गॅरेज चटईक्षेत्रात धरत नाहीत, पण धंद्याला दिलं की धंद्याच्या बाजूला मोजतात, हे लोकांना अन्यायाचं वाटतं. म्हणून दुसऱ्या रीतीनंही मांडून दाखवलं: गॅरेज धरून घर 107.66, त्याचा पाव हिस्सा 26.9. तरीही जास्तच.

क्षेत्रफळापेक्षा मोठी गोष्ट पुढे होती. गॅरेज भरल्यामुळे घरातल्या दोन्ही गाड्या कायम रस्त्यावर. सात सह्या करणाऱ्यांना ज्या गाड्या गिऱ्हाइकांच्या वाटत होत्या, त्या याच. त्यांचा त्रास खरा, कारण चुकीचं. घरच्या विक्रीची प्रकरणं विकण्यावरून क्वचितच अडतात, अडतात ती साठ्यावरून, असं माझं मत आहे. आणि पेट्रोलच्या स्कूटरशेजारी मेण नि पुठ्ठा ठेवणं हा वेगळाच धोका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद गॅरेजात ती जमिनीलगत साचते आणि एखाद्या स्विचची ठिणगीही तिला पुरते. स्कूटर त्याच दिवशी बाहेर काढायला लावली.

राहिली कुरिअरची ये-जा. फाटकावरच्या कॅमेऱ्यात रोज सरासरी चार गाड्या दिसल्या. येणं एक, जाणं एक, म्हणजे आठ फेऱ्या. अमेरिकेतले वाहतूक अभियंते एका स्वतंत्र घरामागे दिवसाला सगळ्या मिळून साधारण साडेनऊ फेऱ्या धरतात. तो आकडा इथे बंधनकारक नाही, पण अंदाजाला बरा. एकट्या कुरिअरनं जवळपास आणखी एका घराची रहदारी वाढवली होती.

नोटिशीत धंदा बंद करायला सांगितलं नाही. गॅरेज 30 दिवसांत रिकामं करून गाडी आत लावायची, घाऊक साठा व्यापारी झोनमधल्या भाड्याच्या गोदामात हलवायचा, कुरिअर दिवसातून एकदाच बोलवायचं आणि उरलेली पार्सलं स्वतः केंद्रावर नेऊन द्यायची. घरातल्या साठ्यासाठी खोलीच्या लांब भिंतीला 45 सेंटीमीटर खोल, पाच कप्प्यांचं रॅक सुचवलं. मर्यादा जमिनीच्या क्षेत्रफळाला असते, उंचीला नाही, आणि तेवढ्यात पावणेनऊ चौरस मीटर मांडणी मिळते. रॅक भिंतीला स्क्रूनं आवळायचं आणि बरण्या खालच्या कप्प्यांत, नाहीतर वरचं वजन पुढे झुकतं. सोसायटीचे नियम वेगळे, सोसायटीची ना हरकत बाईंनी स्वतंत्र घ्यायची. आमच्या परवानगीनं तो प्रश्न सुटत नाही.

मुदतीनंतरच्या पाहणीत गाडी गॅरेजात होती, दुसरी अजून रस्त्यावर. त्याला हरकत नव्हती, नकाशात पार्किंग एकाच गाडीचं आहे. परवानगी दिली. कागद हातात घेताना बाईंनी विचारलं, पुढे घर विकलं तर घेणाऱ्याला हा धंदा चालवता येईल का. येणार नाही. आमच्याकडे ही परवानगी घराला नसते, त्या घरात राहून धंदा करणाऱ्या माणसाला असते. नव्या मालकानं नवा अर्ज करायचा, आणि पाहणीत पहिल्यांदा गॅरेजचं शटर वर करायला सांगितलं जाईल.