नाताळचं गिफ्ट आणि ३०० रुपये

आज लेकीच्या शाळेतून निरोप आला: 'सिक्रेट सांता'साठी (नाव न सांगता एकमेकांना भेट देण्याचा नाताळचा खेळ) किमान ३०० रुपयांचं गिफ्ट, तेही चकचकीत कागदात गुंडाळून. वर्गात बरीच लेकरं शेतमजुरांची. आई दिवसभर वाकून कापूस वेचते, तिची अख्खी रोजी यात जाणार. मला हे अजिबात पटलं नाही, बाईंना तसं सांगितलंही.

ज्यांच्यावरून सांता आला, ते संत निकोलस चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचे बिशप. कथा सांगतात की एका गरीब बापाच्या तीन लेकींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप घरात सोनं टाकलं. इथं किंमतच आधी ठरलेली.

आमच्या जालन्यात नाताळ एकोणिसाव्या शतकातले मराठी ख्रिस्ती धर्मप्रसारक नारायण शेषाद्री यांच्या काळापासूनचा, बाजारातून आलेला नाही. शेजारच्या मावशी आजही घरी करंज्या तळून गल्लीभर ताटं पाठवतात. शाळेनं रकमेची अट काढावी, एवढंच मागणं आहे.