मोरी तुंबली की रस्ता गेला
आज पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गावकऱ्यांसोबत रस्त्याची मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, मोकळी केली. दगड, पालापाचोळा, हातभर गाळ! मोरी तुंबली की पाणी डांबरावर चढतं, साइडपट्टी खचते, मग कडेपासून रस्ता तुटत जातो. खड्डे नंतर दिसतात. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते. पुढे ३०५४ लेखाशीर्षाच्या, म्हणजे सरकारी बजेटमधल्या रस्ते-देखभालीच्या खात्याच्या, निधीची वाट बघायची. इकडचा पाऊस कुणासाठी थांबतो का? देखभालीचा पैसा दरवर्षी, पावसाळ्याआधीच मिळायला हवा. अडलेली बाई याच रस्त्याने दवाखान्यात जाते, भाजीची गाडीही याच रस्त्याने नाशिकच्या मार्केटला. येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडायचं सगळ्यांनी ठरवलंय. मीही जाणार आहे.