चार टक्क्यांनी चढलेला सूर

अंधेरीतल्या डबिंग थिएटरमध्ये पंजाबी सिनेमाचं काम लागलं की नायक गायक असणार, हे आम्ही धरूनच चालतो. २००२ साली ‘जी आयां नू’मध्ये हरभजन मान नायक म्हणून चालला. २०१२ मध्ये दिलजीत दोसांझचा ‘जट्ट अँड ज्युलिएट’ आणि गिप्पी ग्रेवालचा ‘कॅरी ऑन जट्टा’ आला आणि ही वाट पक्की झाली. निर्मात्याचा हिशेब सरळ असतो: हा आवाज जालंधरपासून कॅनडातल्या ब्रॅम्प्टनपर्यंत लोकांच्या गाडीत आधीच वाजतोय, पोस्टर लागण्याआधीच निम्मी ओळख झालेली. पण त्याच कारणामुळे त्या आवाजात जरा फरक पडला तर प्रेक्षक खपवून घेत नाही. साध्या नटाच्या डबिंगमध्ये जे निभावून जातं, ते इथे पकडलं जातं.

त्या दिवशी आमच्याकडे असाच एक गायक-नट होता. नाव सांगत नाही, गरजही नाही. प्रसंग अखाड्याचा, म्हणजे पंजाबी लोकगाण्याच्या मैफलीचा. तो खाटेवर बसून तुंबी (एकतारी वाद्य) छेडतो, एक बोली, म्हणजे लोकगीताची छोटी कडवी, नुसत्या गळ्यावर उचलतो, मध्येच थांबून समोरच्याला दोन वाक्यं सुनावतो आणि तिथूनच पूर्ण गाणं सुरू होतं. लोकेशनवर जनरेटरची घरघर इतकी होती की बोली आणि संवाद दोन्ही डब करायचे ठरले. गाणं मात्र आधीच स्टुडिओत पक्कं झालेलं: पट्टी काळी दोन (पेटीवरची दुसरी काळी), लय मिनिटाला ९६ ठोके. तुंबीही शूटिंगच्या वेळी काळी दोनलाच लावलेली. म्हणजे डब केलेली बोली थेट त्या गाण्यात मिसळायची होती, सांधा दिसता कामा नये.

गायकासाठी मी मांडणी थोडी वेगळी करतो. समोर न्यूमन यू ८७ हा स्टुडिओचा माइक, ओठांपासून वीतभर अंतरावर आणि किंचित तिरका. डोक्यावर सेनहायझरचा एमकेएच ४१६, कारण मूळ आवाज बूमवर, म्हणजे काठीला लावलेल्या माइकवर घेतलेला असतो आणि मिक्सिंगवाल्याला तोच पोत हवा असतो. स्टेजवर वाढलेला माणूस वरच्या सुराला सवयीने माइकपासून मान मागे घेतो आणि खालच्याला पुढे येतो. गाण्यात ते शहाणपण आहे. डबिंगमध्ये त्यामुळे एकाच वाक्यात माणूस खोलीच्या दोन कोपऱ्यांतून बोलल्यासारखा ऐकू येतो. म्हणून त्यांना स्टुलावर बसवायचं, पाठ टेकवून. संवाद आणि बोली यांच्या आवाजाच्या पातळीत एवढं अंतर असतं की यू ८७ची एक जादा लाइन १० डेसिबल खाली ठेवून समांतर रेकॉर्ड करतो. आणि हेडफोन बंद प्रकारचेच, कारण गायक हमखास एक कान उघडा टाकतो. मग त्या बाजूचा पायलट, म्हणजे कानात ऐकवला जाणारा मूळ आवाज, माइकमध्ये झिरपतो आणि तुंबीची टिणटिण संवादाखालून कधीच निघत नाही. उघड्या कानाची बाजू म्यूट केली की प्रश्न मिटतो.

पायलट लावला. तीन बीप, चित्र, ओठ अगदी जागेवर. गायक पहिल्या दोन शब्दांवरच थांबला. म्हणाला, “दादा, आवाज मेरी है, सुर मेरा नहीं.”

मला वाटलं, आदल्या रात्रीच्या शोमुळे गळा बसला असेल आणि वरचा सूर आज नकोसा झाला असेल. हे नेहमीचंच आहे. लग्नसराईत रात्री शो आणि सकाळी डबिंग असा बेत मॅनेजर लोक बेधडक लावतात; मग खर्ज जाड होतो, वरची पट्टी फाटते आणि आधीच्या रिळांशी आवाज जुळत नाही. पण त्याने काही न बोलता फोनवर तानपुरा लावला, काळी दोन. वर पायलट पुन्हा वाजवायला सांगितला. तुंबीची तार तानपुऱ्याशी भांडत होती. ती काळी दोनमध्ये नव्हती, लगतच्या पांढरी तीनमध्येही नव्हती. दोघींच्या मधे, तीनच्या जवळ. बेसूर असती तर गोष्ट वेगळी. इथे गळा, तुंबी आणि पुढचं अख्खं गाणं एकदिलाने चढलेलं होतं.

सगळंच सारखं चढलं की संशय वेगावर घ्यायचा. रिळाच्या सुरुवातीचा लाइन-अप टोन, म्हणजे यंत्रं जुळवण्यासाठीचा ठरावीक सूर, १००० हर्ट्झचा असतो. मीटरवर तो १०४२ दिसला. गाण्याची लय मोजली, ९६च्या जागी १००. म्हणजे २५ भागिले २४. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने शूट झालेला, आणि एडिटवरून आलेली प्रत २५ फ्रेमच्या दुसऱ्या कुठल्या तरी डिलिव्हरीसाठी काढलेली: एकही फ्रेम न वाढवता नुसती पळवलेली, आवाजासकट. त्यामुळे वीस मिनिटांचं रीळ १९ मिनिटं १२ सेकंदांत संपतं आणि सूर सेमिटोनच्या (पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या) शंभर भागांपैकी साधारण ७१ भाग वर जातो. चित्र आणि आवाज एकत्र धावतात, म्हणून ओठ चुकत नाहीत आणि कुणाला शंका येत नाही. बोलण्यातला चार टक्क्यांचा वेग कानाला खुपत नाही. टीव्हीवर लोकांनी वर्षानुवर्षं असे पळते सिनेमे विनातक्रार पाहिलेत. ज्याला आपला षड्ज कुठे आहे हे झोपेतही ठाऊक आहे, त्यालाच ते खुपतं.

पुढे गेलो असतो तर काय झालं असतं? पळत्या चित्रावर जुळवलेलं दहा सेकंदांचं बोलणं मूळ चित्रावर ठेवलं की शेवटाला दहा फ्रेम आधीच संपतं. दोन फ्रेमचा फरकही ओठांवर दिसतो. बोलीचं तर त्याहून वाईट: ती पायलटच्या सुरात गायली गेली असती आणि गाणं आत शिरताच जिना उतरताना एक पायरी चुकावी तसा सूर धपकन खाली आला असता.

२४ची नवी प्रत यायला दुपार होणार होती. रिकामं बसण्यापेक्षा चित्राशिवाय निघणाऱ्या गोष्टी उरकल्या: हाका, हसू, धाप, गर्दीवर टाकलेलं ‘ओये’. तोंड कोरडं पडून येणाऱ्या चटचट आवाजावर हिरव्या सफरचंदाची फोड चघळायला दिली. आंबट लाळ सुटली की चटचट थांबते; चहाने उलट वाढते.

नवी प्रत लागली आणि बोली पटकन झाली. संवादाने मात्र वेळ खाल्ला, आणि तोही गायकीमुळेच. गायक वाक्य चालीसारखं पाठ करतो. ओठ लगेच जुळतात, पण प्रत्येक टेकला चढउतार तोच, राग असो की थट्टा. दिग्दर्शक म्हणतो, “थोडा और गुस्सा”, तर आवाज मोठा होतो, चाल तीच राहते. त्यावर माझा उपाय म्हणजे पायलट काढून घेणे. फक्त पडद्यावरची सरकती रेघ ठेवायची, मूळ आवाज बंद. पहिला टेक ओठांवरून घसरतो, पण वाक्य बोललं जातं. थोडं पुढेमागे झालेलं व्होकअलाइन या आवाज जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने बसवता येतं. मेलेलं वाक्य कशानेच जिवंत होत नाही.

खरी निस्तरानिस्तर बाकीच्या कलाकारांची होती. त्यांचं डबिंग त्याच पळत्या प्रतीवर झालेलं. ते नुसतं सावकाश केलं तर लांबी जमते, पण त्यांनी आपल्या नैसर्गिक सुरात बोललेलं ७१ भाग खाली उतरतं आणि आवाज जड, सुस्त ऐकू येतात. सूर धरून ताणायचं तर छोटी वाक्यं निभावतात; कुजबुज आणि आरडाओरडा नाही. ‘स’ आणि ‘श’ ओले, चिरडल्यासारखे होतात. म्हणून मधली वाक्यं ताणून घेतली आणि आईचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीचा कुजबुजीचा पूर्ण प्रसंग नव्याने करायचं ठरलं. त्या पंजाबात परतल्या होत्या. मोहालीच्या स्टुडिओला दोन्ही माइकची नावं, अंतर, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे रेकॉर्डिंगचं माप, आमच्या खोलीची अर्धा मिनिट शांतता आणि त्यांचा इथला एक चांगला टेक नमुना म्हणून पाठवला. आलेल्या फाइली पहिल्याच ऐकण्यात बसल्या. फक्त तिथल्या एसीची गुणगुण खालून ८० हर्ट्झला कापावी लागली.