तुम्ही विचारलंत म्हणून: घरबसल्या ऑफिसची कामं

"घरी बसून ऑफिसची कामं घ्यायची आहेत, सुरुवात कुठून करू?" नोकरी सुटलेल्या किंवा सोडलेल्या बायका मला हे सारखं विचारतात. पाठोपाठ येतो लॅपटॉपचा प्रश्न. आहे तो चालेल. एक बरा प्रिंटर-स्कॅनर घ्या, आणि गिऱ्हाईक कोण ते आधी ठरवा.

मी डोंबिवलीत राहते, म्हणून माझं उत्तर हाउसिंग सोसायटी. "कुणाचंही, कसलंही काम करते" म्हणणारीला कुणी काम देत नाही, कारण तिला नेमकं काय सांगावं तेच समोरच्याला सुचत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला मात्र नेमकं काय नकोय ते पक्कं ठाऊक असतं. बिचारा बिनपगारी, सकाळची फास्ट लोकल पकडणारा, आणि डोक्यावर तारखा. ३१ मार्चला वर्ष संपलं की चार महिन्यांत लेखापरीक्षण. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, तिची नोटीस पुरते १४ दिवस आधी. मग इतिवृत्त, 'आय' आणि 'जे' नमुन्यातल्या सभासदांच्या नोंदी, नामनिर्देशनाचे अर्ज, सहकार खात्याच्या उपनिबंधकांना पत्रं, थकबाकीदारांना स्मरणपत्रं. थकबाकीवर उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, ठरलेल्या मर्यादेपर्यंतच सरळ व्याज लावता येतं आणि भाडेकरू ठेवलेल्या सदनिकेला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. एवढं तोंडपाठ असलेली बाई कमिटीला हवीच असते. लेखापरीक्षण मात्र लेखापरीक्षकच करणार. आपण त्याच्यासमोर फायली लावून द्यायच्या.

मराठी टायपिंग नीट शिका, इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्यावर भागवू नका. शासकीय संगणक टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा देता आली तर उत्तम. जुन्या सोसायट्यांचे ठराव बहुधा श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये पडलेले असतात. ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणताना रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात, म्हणून ओळ न् ओळ वाचावी लागते. कंटाळवाणं आहे, पण याच कामाचे पैसे लोक कुरकुर न करता देतात.

पैशांचं म्हणाल तर पानामागे दर लावू नका. मग तुम्ही झेरॉक्सच्या दुकानाच्या रांगेत जाऊन बसता. दरमहा ठरावीक रक्कम घ्या, सभेच्या धावपळीचे वेगळे, आणि काय काय करणार ते पत्रावर लिहून द्या. नाहीतर अध्यक्षांच्या नातवाचा प्रोजेक्टही तुमच्याकडेच येतो.

कागदपत्रांचा बाऊ फार केला जातो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर फुकट होते. तिचे पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं बरीच आहेत, तिथून मागे फिरा. हाताखाली कामगार नसतील तर गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकाने-आस्थापना नोंदणीसाठी, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. व्यवसायकर वर्षाला २,५०० रुपये. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, ती तुमच्या-माझ्यासारखीला सध्या तरी दूरच. आणि "डेटा एंट्रीचं काम देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा" म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

एका बाबतीत मी हट्टी आहे. सोसायटीच्या बँक खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी मी स्वतःकडे येऊच देत नाही. चलन भरून तयार ठेवते, बटण खजिनदारांनी दाबायचं. "अहो ताई, तुमच्यावर विश्वास आहे" असं ते म्हणतात, तरीही. सभासदांच्या आधारच्या प्रती घरच्या कम्प्युटरवर ठेवायच्याच झाल्या, तर मुलं ज्यावर खेळतात त्यावर नकोत.

पहिलं काम स्वतःच्या सोसायटीत घेऊ नका. कोणाची किती थकबाकी हे कळल्यावर जिन्यात भेटणंही अवघड होतं. शेजारच्या इमारतीत जा, आणि जूनमध्ये जा. सप्टेंबरात कमिटीला तुमच्याशी बोलायलाही फुरसत नसते. गेल्यावर मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला मागा. ते सापडेना आणि शोधाशोध सुरू झाली, तर त्यांना तुमची गरज आहे; दर सांगायला हरकत नाही.