गिरवता गिरवता

आधुनिक चिनी चित्रकलेविषयी कुठेही बोललो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो, आणि तुम्हीही तोच विचारलात: हजार वर्षे डोंगर, धुके आणि बांबूच काढत आलेल्या शाईचित्रांत नवे काय असणार, आणि जे खरोखर नवे आहे त्यात शाईच उरली नसेल तर त्याला शाईचित्र का म्हणायचे? प्रश्न दोन दिसले तरी माझ्या मते तो एकच आहे, आणि त्याचे उत्तर मला ‘गिरवणे’ या आपल्या शब्दात सापडते.

सुरुवात कागदापासून करावी लागेल. चीनच्या आन्हुई प्रांतात छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून ‘श्वान’ या चिनी नावाचा कागद बनतो. तुरटी आणि सरस लावून घोटलेला कागद शाई शोषत नाही. कच्चा कागद मात्र टिपकागदासारखा पीत सुटतो. शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची कांडी; ती दगडावर पाण्याने उगाळायची, आपल्याकडे सहाणेवर गंध उगाळतात तशी. मी पहिल्यांदा अशा कच्च्या कागदावर कुंचला टेकवला आणि पुढची रेघ कुठे न्यावी या विचारात क्षणभर थांबलो, तर बांबूच्या पेराच्या जागी करवंदाएवढा डाग पसरला. तो पुसता येत नाही, वर दुसरा थर देऊन झाकताही येत नाही. चूक सुधारण्याची सोय नसल्यामुळे हात आधीच तयार असावा लागतो, आणि म्हणूनच जुन्या गुरूंच्या कृती वर्षानुवर्षे गिरवणे हेच तिथले शिक्षण ठरले.

या गिरवण्याचा शेवट कुठे होतो, हे च्यू जिजिये या चिनी कलावंताने १९९० ते १९९५ या काळात दाखवून दिले. वांग शीझी या सुलेखनकाराने इ. स. ३५३ मध्ये शाओशिंगजवळच्या लानतिंग येथे एका कवितासंग्रहासाठी लिहिलेली ३२४ अक्षरांची प्रस्तावना हा चिनी सुलेखनाचा सर्वोच्च आदर्श मानला जातो. तिची मूळ प्रत हरवली असून आज आहेत त्या नकलाच. च्यूने तो मजकूर एकाच कागदावर हजार वेळा लिहिला. अक्षरांवर अक्षरे चढत गेली, कागद काळाठिक्कर झाला, आणि पुढे तर काळ्यावर काळेच लिहिणे उरले. वाचायला काही राहिले नाही. राहिली ती हाताची हालचाल. ही परंपरेची थट्टा आहे की तिची उपासना, हे मला अजून ठरवता आलेले नाही, आणि ठरवावेसेही वाटत नाही.

वादही झाले. १९८५ मध्ये ली श्याओशान या तरुण टीकाकाराने चिनी चित्रकला वाटेच्या शेवटाशी आली आहे असे लिहिले आणि खळबळ माजली. पॅरिसमध्ये शिकून परतलेले चित्रकार वू ग्वानचुंग यांनी १९९२ मध्ये ‘शाई-कुंचला म्हणजे शून्य’ असे म्हटले. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा की त्या-त्या चित्रापासून वेगळी काढलेली रेषा, ती कितीही घोटीव असली तरी, मोलाची नसते. ज्येष्ठ चित्रकार चांग तिंग यांनी त्याला कडक उत्तर दिले. माझा कौल वूंच्या बाजूने आहे, पण त्यांना असे म्हणता आले ते त्यांचा हात आधी तयार होता म्हणूनच, असेही मला वाटते. तैवानमध्ये ल्यू ग्वोसुंग यांनी तर त्याआधीच जाड तंतूंचा कागद खास बनवून घेतला होता; त्यावर शाई फिरवून ते तंतू उपटून काढत, आणि काळ्या डोंगरावर पांढऱ्या शिरा उमटत.

आता शाई नसलेल्या शाईचित्रांविषयी. संगणकावर उंच इमारती आणि क्रेन यांची रास रचून जुन्या डोंगरांचा भास निर्माण करणारी यांग योंगलियांगची चित्रे पहिल्या नजरेत भुरळ घालतात, पण युक्ती उमगल्यावर माझे मन तिथे फार रमत नाही. श्यू बिंग या चिनी कलावंताच्या २००४ पासूनच्या मालिकेत उलटे होते. ब्रिटिश म्युझियममध्ये २०११ मध्ये त्याने वांग शिमिनच्या १६५४ च्या निसर्गचित्राची प्रतिकृती उभारली होती. समोर पाहावे तर दुधी काचेवर कडे, झाडे आणि विरत गेलेले धुके, अगदी श्वान कागदावर शाई मुरावी तसे. मागे जावे तर काचेला टेकवलेल्या वाळक्या फांद्या, तागाचे तंतू, चुरगळलेले कागद आणि चिकटपट्ट्या. काचेला चिकटलेली फांदी ठळक दिसते आणि जरा मागे धरलेली फिकट. गडद आणि फिकट शाईचे काम इथे अंतराने होते. श्यू बिंगने शाईचा थेंबही वापरलेला नाही, पण शाई कशी वागते हे पुरेपूर ठाऊक असल्याशिवाय ती फांदी काचेपासून नेमकी किती दूर धरायची हे कोणाला कळले असते? आणि ज्याचे चित्र त्याने गिरवले, तो वांग शिमिन स्वतः जन्मभर आणखी जुन्या गुरूंची चित्रे गिरवत होता.