आमची वाटचाल : कॅसेटपासून फाइलपर्यंत

जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकाच्या फाइलमध्ये उतरवून जपणे हे आमचे काम. त्याची सुरुवात मिनीडीव्ही कॅसेटींपासून झाली. त्यांच्यावरचे चित्र मुळातच डिजिटल असते, म्हणून फायरवायर केबलने ते संगणकावर घेताना नवे रेकॉर्डिंग होत नाही. आहे तोच डेटा उतरतो. लिनक्सवर डीव्हीग्रॅब नावाचे सॉफ्टवेअर हे काम चोख करते. चित्राचा दर सेकंदाला २५ मेगाबिट ठरलेला असतो, आवाज आणि इतर माहिती धरून तासाला साधारण १३ जीबी लागतात. ही कच्ची डीव्ही फाइल आम्ही जशीच्या तशी ठेवतो. तिच्यात फ्रेमगणिक टाइमकोड (त्या फ्रेमचा तास-मिनिट-सेकंदातला पत्ता) असतो, कॅमेऱ्याचे घड्याळ लावलेले असेल तर चित्रीकरणाची तारीख आणि वेळही असते. उतरवताना थेट एमपी४ केली की ही माहिती कायमची जाते.

डीव्हीतला खरा धोका डोळ्याला दिसत नाही. टेप वाचणाऱ्या हेडला घाण लागली किंवा टेपचा थर उडाला की प्लेअर तो तुकडा मागच्या फ्रेममधून घेऊन भोक बुजवतो. स्थिर चित्रात हे कळतही नाही. मात्र असा तुकडा बुजवलेला आहे अशी खूण डेटातच राहते. डीव्हीरेस्क्यू हे साधन ती वाचून कोणत्या फ्रेममध्ये किती नुकसान आहे ते सांगते. मग हेड साफ करून कॅसेट पुन्हा उतरवायची, शक्य असल्यास दुसऱ्या यंत्रावर. दोन-तीन वेळा उतरवलेल्या प्रतींतले धड भाग निवडून हेच साधन एक सलग फाइल तयार करते.

त्या काळात लोकांना हवी असायची डीव्हीडी. डीव्हीडीत चित्राचा दर सेकंदाला ९.८ मेगाबिटच्या वर नेता येत नाही, आणि एमपेग-२ तुलनेने जुने कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत) असल्याने अंधाऱ्या दृश्यांत चौकोन उठतात. पण त्याहून जास्त त्रास फील्डच्या, म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांच्या, क्रमाचा. अशी दोन फील्ड मिळून एक फ्रेम होते. डीव्हीत खालचे फील्ड आधी येते, तर ॲनलॉग कॅप्चरमध्ये बहुधा वरचे. डीव्हीवरून केलेल्या एमपेग-२ फाइलवर चुकून 'वरचे आधी' अशी खूण पडली, तर स्थिर चित्र ठीक दिसते आणि कोणी हात हलवला की तो पुढे-मागे थरथरतो. म्हणून तपासणी नेहमी हलत्या दृश्यावर करायची, आणि संगणकाइतकीच जुन्या टीव्हीवरही.

व्हीएचएसचे काम सुरू झाल्यावर पद्धत मुळापासून बदलावी लागली. इथे सिग्नल ॲनलॉग, टेप ताणलेली, आणि प्रत्येक ओळीची लांबी किंचित वेगळी. उभ्या रेषा वेड्यावाकड्या दिसतात, चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकतो. टाइम बेस करेक्टर या ओळी सरळ करतो. तो नसेल तर कॅप्चर कार्ड सिग्नल ओळखू न शकल्याने फ्रेम टाकून देते आणि आवाज हळूहळू पुढे-मागे सरकतो. कॅप्चर संपल्यावर चित्र आणि आवाज यांची लांबी मिलिसेकंदात ताडून पाहणे म्हणूनच सक्तीचे. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात. ५० फ्रेम गळल्या तर शेवटी ओठ आणि शब्द यांत पूर्ण २ सेकंदांचे अंतर पडते. यंत्राला एस-व्हिडिओ आउटपुट असेल तर तेच वापरावे, कारण त्यात उजेड आणि रंग वेगवेगळे येतात आणि कडांवर ठिपके धावत नाहीत.

मूळ प्रत कशात ठेवायची, हा आमच्या सगळ्या कामाचा गाभा आहे. ७२० गुणिले ५७६ चे १० बिट, ४:२:२ (रंगाची आडवी माहिती निम्मी) चित्र न दाबता ठेवले तर तासाला सुमारे ९३ जीबी होतात. आम्ही एफएफव्ही१ वापरतो. हे कोडेक एकही बिट न गमावता दाबते आणि आकार साधारण निम्म्यावर आणते. टेपवर गोंगाट जास्त असेल तितकी बचत कमी. एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये आमचे पर्याय ठरलेले आहेत : लेव्हल ३, जीओपी १, स्लाइस २४ (प्रत्येक फ्रेमचे २४ तुकडे) आणि प्रत्येक स्लाइसला सीआरसी (चूक पकडणारा आकडा). जीओपी १ मुळे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र राहते. सीआरसीमुळे पुढे डिस्क बिघडली तर कोणत्या फ्रेमचा कोणता तुकडा खराब झाला ते नेमके कळते. आवाज न दाबलेला पीसीएम, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि कंटेनर (चित्र-आवाज एकत्र ठेवणारे फाइलचे वेष्टन) मॅट्रोस्का. ही निवड आवडीवर सोडलेली नाही. एफएफव्ही१चा तपशील २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ या खुल्या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात आणि मॅट्रोस्काचा २०२४ मध्ये आरएफसी ९५५९ म्हणून प्रसिद्ध झाला. उद्या कोणतेही एक सॉफ्टवेअर बंद पडले तरी त्या कागदांवरून फाइल वाचणारे दुसरे लिहिता येईल.

या मूळ प्रतीत आम्ही काहीही सुधारत नाही. तळाशी हेड बदलल्याच्या फाटक्या ओळी दिसतात, त्या राहू देतो. फील्ड जोडत नाही, कडा कापत नाही, रंग उजळत नाही. ग्राहकाला हे सुरुवातीला खटकते, पण फील्ड एकदा एकत्र केली की ती परत सुटी करता येत नाहीत, आणि उद्या याहून चांगले फिल्टर नक्कीच येणार.

पाहण्याची प्रत या मूळ प्रतीतून निघते, आणि तिथे क्रम चुकला तर सगळे बिघडते. आधी फील्ड सोडवायची, म्हणजे त्यांच्यापासून पूर्ण फ्रेम बनवायच्या, मग आकार बदलायचा. उलट केले तर दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि करवतीसारख्या कडा कायमच्या चित्रात बसतात. बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर प्रत्येक फील्डची एक फ्रेम या पद्धतीने चालवला की २५ ऐवजी ५० फ्रेम मिळतात आणि हालचाल टेपवर होती तितकीच सफाईदार राहते. २५ फ्रेम केल्या तर जागा वाचते, पण धावणारे मूल अडखळत धावते. मग १२:११ हे पिक्सेलच्या रुंदी-उंचीचे प्रमाण, नाहीतर चेहरे बारीक दिसतात. चित्र एचडी आकारात मोठे करायचे असेल तर रंगाचे गणितही जुन्या एसडीच्या बीटी.६०१ वरून एचडीच्या बीटी.७०९ वर न्यावे लागते. नुसती खूण बदलली तर त्वचेचा आणि हिरव्याचा रंग सरकतो.

शेवटी एक्स२६४ हा एन्कोडर. त्याचा मूळचा सीआरएफ (दर्जाचा आकडा, लहान तितका दर्जा चांगला) २३ असतो. व्हीएचएससाठी आम्ही १८ ते २० ठेवतो, कारण टेपचा गोंगाट कमी दरात चिकट डागांसारखा दिसतो. आकडा ६ ने कमी केला की फाइल साधारण दुप्पट होते, हे लक्षात ठेवले की अंदाज चुकत नाही. पिक्सेल फॉरमॅट ८ बिट ४:२:० (रंगाची माहिती आडवी-उभी दोन्हीकडे निम्मी) असल्याचे स्पष्ट सांगावे लागते. न सांगितल्यास एफएफएमपेग मूळ प्रतीचेच १० बिट ४:२:२ पुढे नेते, संगणकावर फाइल छान चालते आणि टीव्हीवर नुसता आवाज येतो. 'फास्टस्टार्ट' पर्यायही हवाच. त्याने एमपी४ची अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला येते आणि नेटवरून पाहताना पूर्ण फाइल उतरण्याची वाट पाहावी लागत नाही.

फोनवरचे व्हिडिओ येऊ लागले तसे वेगळेच प्रश्न आले. फोन फ्रेमचा दर उजेडानुसार बदलतो. एडिटिंगमध्ये घातल्यावर आवाज सरकला तर कारण बहुधा हेच असते. एफएफप्रोब या तपासणीच्या साधनात सरासरी दर आणि नोंदलेला दर यांत फरक दिसला की आम्ही आधी स्थिर दराची फाइल करतो, मगच कामाला घेतो. उलट, केवळ कंटेनर बदलायचा असेल तर पुन्हा एन्कोड करणे म्हणजे विनाकारण दर्जा घालवणे. तिथे आतले चित्र-आवाजाचे प्रवाह जसेच्या तसे कॉपी करणे पुरते, काही सेकंदांत होते. या रीतीने तुकडा कापताना मात्र काप की-फ्रेमवरच (स्वतःत पूर्ण असलेल्या फ्रेमवरच) स्वच्छ बसतो, ग्राहकाने सांगितलेल्या क्षणावर नाही. रेकॉर्डिंग मध्येच तुटलेल्या एमपी४ची अनुक्रमणिका लिहिलेलीच नसते. अनट्रंक हे साधन त्याच फोनवर त्याच सेटिंगने घेतलेली धड फाइल नमुना म्हणून वापरून ती पुन्हा उभी करते. अशी फाइल आली की त्या फोनवरून एक छोटा व्हिडिओ आम्ही हमखास मागून घेतो.

मराठी उपशीर्षकांचा विषय आमच्या विशेष जिव्हाळ्याचा. एसआरटी ही उपशीर्षकांची मजकूर-फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात हवी, आणि चित्रावर छापायची असल्यास उपशीर्षके रंगवणाऱ्या लिबॲस लायब्ररीच्या फिल्टरमध्ये अक्षरजुळणी 'कॉम्प्लेक्स' निवडावी. 'सिंपल'वर जोडाक्षरे तुटतात, रफार भलतीकडे जातो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते. ड्रॉटेक्स्ट या फिल्टरने नाव टाकताना एफएफएमपेग ६.१ किंवा नंतरचे घ्यावे, कारण तिथपासून ते हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीवर अक्षरे जुळवते. 'स्त्री', 'कर्तृत्व', 'विठ्ठल' हे तीन शब्द आधी छापून पाहिले की फॉन्टची परीक्षा होते.

प्रत्येक मूळ प्रतीसोबत आम्ही फ्रेमएमडी५ची यादी देतो. त्यात चित्राच्या प्रत्येक फ्रेमचा वेगळा ठसा असतो. उद्या फाइल दुसऱ्या कंटेनरमध्ये किंवा दुसऱ्या बिनतोटा (काहीही न गमावणाऱ्या) कोडेकमध्ये नेली तरी तेच पिक्सेल असतील तर ठसे तेच येतात. संपूर्ण फाइलच्या चेकसमला हे जमत नाही.

सध्या आम्ही व्हीएचएस-डीकोड या सॉफ्टवेअरकडे वळत आहोत. यात प्लेअरच्या व्हिडिओ आउटपुटऐवजी हेडकडून येणारा कच्चा आरएफ (रेडिओ-वारंवारतेचा) सिग्नलच नोंदवला जातो. सेकंदाला ४ कोटी नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे तासाला १४४ जीबी. फ्लॅक या बिनतोटा कोडेकने दाबल्यावर त्याहून कमी. ओळी सरळ करण्याचे काम मग सॉफ्टवेअर करते आणि ते पुन्हा-पुन्हा, सुधारलेल्या आवृत्तीने करता येते. हाय-फाय आवाजही आरएफमधूनच मिळतो. टेपच्या कडेवरचा साधा आवाज मात्र वेगळा घ्यावा लागतो आणि तो चित्राशी जुळवण्यात अजून बराच वेळ जातो, म्हणून केवळ साधा ट्रॅक असलेल्या कॅसेटी आम्ही तूर्त जुन्याच पद्धतीने उतरवतो.